‘ऑसम’ची उलटतपासणी

सर, एक तक्रार आहे. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली हे मला ठाऊक आहे. पण जाण्यानं तुमचा अधिकार संपला, असं मला अजून कुणी लेखी कळवलेलं नाही. तेव्हा ऐकून घ्या. गेल्या महिन्यात मी कुरिअरच्या दुकानात उभा होतो. काउंटरमागच्या तरुणानं पत्ता लिहून घेतला आणि मान वर न करता विचारलं, “पिनकोड?” मी सहा आकडे सांगितले. तो म्हणाला, “ऑसम.” मी जरा थबकलो. मला वाटलं, माझ्या पाठीमागं कुणीतरी काहीतरी करून दाखवलं असेल. वळून बघितलं, तर एक गृहस्थ शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होते, आणि तेही फार कौशल्यानं नव्हे. मग मी मोबाइल नंबर सांगितला. पुन्हा “ऑसम.” पार्सलात काय आहे विचारल्यावर “कांदा-लसणाची चटणी, भडंग आणि गूळ” असं खरं ते सांगितलं. यावर मात्र तो नुसतं “ओके” म्हणाला. सर, पिनकोडला जे मिळालं ते माझ्या बायकोच्या चटणीला मिळू नये, हा अन्याय मी कुठल्या दरबारात न्यावा?

घरी येऊन इंग्रजी कोश काढला. ही सवय तुमचीच. तुमच्या वेळीही हा शब्द होता, पण रंकाळ्यापर्यंत पोचला नव्हता. मूळ अर्थ बघून मी खुर्चीत सावरून बसलो. ज्याच्यापुढं माणूस एकाच वेळी भितो आणि हात जोडतो, ते ऑसम. आपल्याकडं अद्भुत आणि भयानक या रसांना वेगवेगळ्या पाटांवर बसवलंय. यांनी दोघांना एकाच ताटात वाढलं. खवळलेला समुद्र, डोक्यावर कडाडलेली वीज, प्रत्यक्ष परमेश्वर, असला ऐवज पेलायला घडवलेला हा शब्द. त्याच्या खाली दुसरा अर्थ दिला होता: बोलीभाषेत, फार छान. बस, एवढंच. वरच्या अर्थातून खालच्या अर्थात हा शब्द कसा घसरला, वाटेत कुणाला लागलं का, याची काही नोंद नाही. हत्तीला पिशवी घेऊन मंडईत धाडावं, तशी त्याची आजची अवस्था आहे.

मग मी तुमच्या पद्धतीनं चिठ्ठ्या करायला घेतल्या. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापायच्या आणि एका चिठ्ठीवर एक प्रयोग टिपायचा: कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, कशावरून म्हणालं. दाताच्या डॉक्टरीणबाई माझी किडलेली दाढ बघून म्हणाल्या, “ऑसम, आता चूळ भरा.” हजेरीपट वेळेवर दिला तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या. मला लग्नाला यायला जमणार नाही असं कळवलं, त्यावर भाच्यानं हाच शब्द पाठवला, आणि तेवढ्या एका चिठ्ठीत मला खरा आनंद दिसला. आमचे क्रीडाशिक्षक शिवाजी पेठेतले, फुटबॉलवर जीव टाकणारे. ते परवा म्हणाले, “सर, कालची म्याच काय ऑसम झाली वो!” मी विचारलं, “किती गोल?” “एकबी न्हाई. ग्राउंडात चिखल म्हणून रद्दच केली की.” हेच गृहस्थ मैदानाच्या कडेला असले की असं बोलत नाहीत. तिथं त्यांच्या तालमीच्या संघातल्या पोरानं गोल मारला की पोटातून “नाद खुळा!” असं जे काही बाहेर पडतं, त्यावर संशय घेता येत नाही, कारण म्हणणाऱ्याचा आवाज त्यानंतर दोन दिवस बसलेला असतो. ‘ऑसम’ म्हणून कुणाचा घसा बसल्याचं माझ्या तरी बघण्यात नाही.

चिठ्ठ्या साठत गेल्या तसा माझा संशय पक्का होत गेला. या शब्दाचं काम स्तुती करणं नाहीच. ते दार लावून घेण्याचं आहे. पेपर कसा गेला, ऑसम. तब्येत कशी आहे, ऑसम. नवी जागा कशी आहे, ऑसम. याच्यापुढं विचारणाऱ्यानं काय विचारायचं? ‘बरं आहे’ म्हटलं तर ‘बरंच का?’ असं विचारता येतं. ‘ठीक आहे’मध्ये तर निम्मी कुरकुर आधीच असते, आपण नुसतं ‘हं?’ म्हटलं की उरलेली बाहेर येते. ‘ऑसम’ला मात्र कुठून बोट घालावं अशी फटच नाही. गुळगुळीत, गोल, चोहोबाजूंनी बंद.

आणि विशेषणात बोट घालायला तर तुम्ही आम्हाला शिकवलंत. तुमच्या संस्कृतच्या वर्गात नियमच होता, विशेषण वापरलं की उभं राहायचं आणि ते सिद्ध करून मगच बसायचं. मी बावड्याहून सायकल मारत येणारा. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर, आणि घरी संस्कृत म्हणजे सत्यनारायणाला भटजी पुटपुटतात ते. पहिल्याच आठवड्यात तुम्ही एक श्लोक म्हणून दाखवलात आणि कसा वाटला विचारलंत. मी बसल्या जागेवरून ओरडलो, “भारी हाय की सर!”

“उठा,” तुम्ही म्हणालात. “भारी म्हणजे किती किलो?”

वर्ग हसला. मी म्हणालो, “लई हाय सर.”

“तराजू आणलाय?”

“न्हाई सर.”

“मग कशावरनं म्हणता?”

मी उभाच. तास पुढं चाललाय, बाकीचे वहीत उतरवून घेतायत, आणि मी तोच श्लोक मनात पुन्हा पुन्हा घोळवतोय, रागानं. घंटा व्हायच्या बेताला म्हणालो, “सर, दुसऱ्या ओळीत नदी वळतीया, तिथं आवाजबी वळतोय.” तुम्ही खडू खाली ठेवलात. माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, “बसा.” एवढंच. त्या एका ‘बसा’वर मी पुढची पाच वर्षं सायकल मारली, हे तुम्हाला कधी कळलं का, मला शंका आहे. मी सांगितलं नाही. सांगायला विशेषण लागलं असतं, आणि मग पुन्हा उभं राहावं लागलं असतं.

रविवारी सकाळी तुम्ही घरी शिकवायचात. दोन खोल्या, त्यातली बाहेरची पुस्तकांनी बळकावलेली, म्हणून शिकवणी स्वयंपाकघरात. काकू चुलीपाशी भाकरी थापतायत, तुम्ही भिंतीला टेकून बसलाय, मी मांडीवर वही घेऊन. काकूंचं माहेर सीमेच्या पलीकडलं. मला त्या कानडीत ‘यप्पा’, म्हणजे बापा, म्हणायच्या, आणि मी एवढासा पोरगा असून त्यात मला कधी अवघडल्यासारखं झालं नाही. जेवायला बसलं की तुम्ही पहिला घास घ्यायचात, आणि काकू तुमच्याकडं न बघितल्यासारखं बघायच्या. “मीठ कमी.” किंवा “फोडणी करपली.” किंवा काहीच नाही. काहीच नाही म्हणजे झकास जमलंय, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी उमगलं. मी एकदा धीर करून विचारलं, “सर, चांगलं झालं तर तसं म्हणत का न्हाई?” तुम्ही म्हणालात, “चांगल्याला काय करायचंय शब्द? उणं असेल ते सांगावं, म्हणजे दुरुस्त होतं.” मला ते इतकं पटलं, की मी वहीत लिहून घेतलं.

त्या वहीत तुमची लाल शाई मावत नसे. माझ्या अनुवादाच्या ओळींपेक्षा तुमचे शेरे लांब. ‘कोणी सांगितले?’, ‘मुळात आहे का?’, ‘हे तुमचे, कवीचे नव्हे.’ आणि मग एका आठवड्यात वही परत आली, तर मधलं एक पान कोरं. म्हणजे माझी अक्षरं होती, तुमची नव्हती. एक खूणसुद्धा नाही. मी ते पान खिडकीशी नेलं, उजेडासमोर धरलं. काहीच नाही! सर, मला पुढं पदवी मिळाली, नोकरी मिळाली, सत्कारात शाल-नारळही मिळाला. पण मला विचाराल तर माझी पात्रता ठरली ती त्या पानानं.

आता मुलीकडं येतो. तिच्याकडंच यायचं होतं. हत्ती आणि दाढ यांच्या आडून किती वेळ हिंडणार. तुम्ही बघितलीत तेव्हा ती सहा वर्षांची होती, पुढचे दोन दात पडलेली. आता बेंगळुरूला असते. एका कंपनीत काहीतरी करते. काय करते ते तिनं मला दोनदा समजावलंय आणि दोन्ही वेळा मी तिच्या वाक्यरचनेकडंच जास्त लक्ष दिलं. मला वाटलं होतं, तुमच्याकडून घेतलेलं सगळ्यांत मोलाचं काही तिला द्यायचं असेल, तर ती नजर. सातवीत वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आली. बक्षिसाचा पेला दोन्ही हातांत धरून दारातून आत आली. मी म्हणालो, “शेवटाकडं घाई केलीस. श्वास पुरला नाही.” ती म्हणाली, “बाबा, एकदा छान म्हणा की.” मी म्हणालो, “छान म्हणजे काय, ते तू मला सांग.” तेव्हा मला ते फार मार्मिक वाटलं होतं. मनात आलं, सर असते तर खूश झाले असते. खूश म्हणजे गप्प.

आणि हे दुसरं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली. मी शेंगा सोलत बसलो होतो. तीही समोर बसली, दोन-चार शेंगा सोलल्या आणि म्हणाली, “बाबा, मला हे जमत नाहीये.”

“जमत नाही म्हणजे नेमकं काय? विषय, शिकवणारे, की तुझा अभ्यास?”

“सगळंच.”

“सगळंच हे उत्तर नाही. नेमकं सांग.”

तिनं हातातली शेंग न सोलताच परत ठेवली. मग म्हणाली, “एकटं वाटतं.”

आणि मी, सर, तुमचा शिष्य, म्हणालो, “एकटं वाटणं आणि न जमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

आहेतच त्या वेगळ्या. माझं काही चुकलेलं नव्हतं. ती उठली, टरफलं गोळा केली, हात धुतले आणि गेली. पुढच्या आठवड्यात मी विचारलं, “पेपर कसा गेला?” ती हसून म्हणाली, “ऑसम.” माझ्या कानांवर हा शब्द पहिल्यांदा पडला तो तेव्हा. चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात ही सगळ्यांत वर हवी होती. मी ती लिहिलीच नाही. तेव्हा मला शब्द आगाऊ वाटला, आणि खरं सांगायचं तर जरा सुटल्यासारखंही वाटलं. आता पुढं काही विचारायला नको.

तर ते पार्सल. दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही धाडतो. पाठवल्यावर पाच-सहा दिवसांनी बायकोनं फोनवर विचारलं, “मिळालं का गं?” “हो आई, मिळालं. ऑसम होतं सगळं.” बायको दिवसभर खुशीत. त्यानंतर आठवड्यानं कुरिअरवाला माझ्या शाळेत हजर. दिवसा घरी कुणी नसतं म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता मी शाळेचा दिला होता. त्यानं तेच खोकं माझ्यापुढं ठेवलं. दोरी तशीच, माझ्या हातची गाठ तशीच, आणि वर शिक्का: सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. मी सही केली. खोकं शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि नववीच्या वर्गावर जाऊन समास शिकवले. कसे शिकवले, आठवत नाही.

उलटतपासणीची मला आयुष्यभर हौस. आणि पुरावा हाती आला तेव्हा मी तो कपाटात दडवला. बायकोला सांगितलं नाही. ती दुसऱ्या मिनिटाला फोन लावणार, रडणार, पोरगी काहीतरी सांगणार आणि तेही ऑसम असणार. मीही फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत क्रीडाशिक्षक कपाटापुढं उभे.

“सर, ह्यात काय ठेवलंय वो? सगळ्या खोलीला फोडणी बसलीया.”

“चटणी आहे.”

“मग घरला न्या की. वहिनी रुसल्यात काय?”

“नेणार आहे.”

“तीन दिस झालं, हितंच हाय की. काय भानगड हाय?”

“काही नाही हो.”

“न्हाई म्हणताना तुमचं तोंड बघा जावा आरशात,” ते म्हणाले आणि शिट्टी गळ्यात अडकवून गेले. मला वाटतं, संशय घ्यायला संस्कृत लागतंच असं नाही.

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणं फोन. बायकोनं स्पीकर लावला आणि मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला. मी शेजारी बसलोय.

“अगं, चटणी जास्त तिखट झालती का गं? मिरची नवीन होती.”

“नाही आई, ऑसम होती. मैत्रिणींनीच संपवली.”

“बघा,” बायको माझ्याकडं वळून म्हणाली. “आणि भडंग?”

“भडंग पण.”

“मऊ नाही ना पडलं?”

“नाही गं. कुरकुरीत होतं.”

कुरकुरीत! हे विशेषण मला फार लागलं, सर. ऑसम एकवेळ समजू शकतो, तो सगळ्यांचाच आहे. पण कुरकुरीत तिनं आईसाठी खास शोधून काढलं होतं. मला हवं असतं तर एका प्रश्नात तिला पकडता आलं असतं, खोक्याची दोरी कुठल्या रंगाची होती एवढंच विचारायचं. मी गप्प बसलो. आणि तुमच्या घरी जिला पावती समजत, ती शांतता बेंगळुरूला काय म्हणून पोचली, ते मला लगेच ऐकू आलं. तिचा आवाज बदलला. “बाबा आहेत ना तिथं?”

“ऐकतोय,” मी म्हणालो.

“काही चुकलं का माझं?”

बायको गॅस बंद करायला उठली होती, म्हणून तिचं लक्ष नव्हतं. मला काहीतरी बोलणं भाग होतं. ‘नाही’ म्हणालो असतो, तर ‘मग गप्प का’ असं तिनं विचारलं असतं. आणि माझ्या तोंडून निघालं, “नाही गं, सगळं ऑसम आहे.”

मग हळू आवाजात, “बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?”

“का?”

“तुम्ही असं कधी बोलत नाही. काय झालंय? खरं सांगा.”

सगळे कोश एका बाजूला ठेवा, सर. या शब्दाचा अर्थ ज्याला खरोखर ठाऊक आहे असं एक माणूस मला भेटलं, आणि ते माझ्याच घरचं निघालं. कुणी ऑसम म्हणालं की त्याला बरं नाहीये का असं विचारायचं असतं, हे तिला किती सहज कळलं! मी “काही नाही” म्हणालो. तीही “बरं” म्हणाली. बायको परत आली, आणि दोघी कुणाच्या तरी साखरपुड्याविषयी बोलत बसल्या.

त्यानंतर मला काकू आठवत राहिल्या. तुम्ही गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी त्यांना भेटायला गेलो होतो. त्याच स्वयंपाकघरात बसलो. भिंतीवर तुमच्या पाठीचा तेलकट डाग तसाच. काकू म्हणाल्या, “यप्पा, तुला एक सांगते, हसू नको. आमटीत मीठ मी मुद्दाम कमी घालत होते.”

“म्हणजे?”

“रोज न्हाई की. आठवड्यातनं एकदा, दोनदा. तेवढं तरी बोलतील म्हणून.”

मी हसलो. तुमची गंमत केली म्हणून हसलो. इतका मोठा परीक्षक आणि पेपरच बनावट! काकूही हसल्या, पदर तोंडाला लावून. हा किस्सा मी पुढं कितीतरी जणांना सांगितला आणि लोक दर वेळी हसले. आता मला असा संशय येतो, की पदराआड काकू हसत नव्हत्या.

संशयाचं असं आहे की तो एका जागी थांबत नाही. सोमवारी मी जुनी वही काढली. ते कोरं पान. इतक्या वर्षांत मी ते कितीदा उघडून बघितलं असेल, पण त्यावरच्या डागाकडं कधी नीट लक्ष दिलं नव्हतं. पानाच्या खालच्या कोपऱ्यात पिवळा डाग आहे, आणि अगदी तसाच, आरशातल्यासारखा, समोरच्या पानावर. आमटीचा असावा. ओली असताना दोन्ही पानं चिकटली असतील. तसं असेल तर तुम्ही ती दोन्ही मिळून एकच पान म्हणून उलटलीत आणि पुढं गेलात. समोरच्या पानावरही लाल शाई नाही, हे मी आजवर माझं दुप्पट यश समजत आलो होतो. तुम्ही ते पान वाचलंत आणि काहीच सुचवावंसं वाटलं नाही, की वाचलंतच नाही? आता विचारायला तुम्ही नाही. तुमची शांतता आणि तिचा ऑसम, दोघांनाही साक्षीला उभं करता येत नाही. आणि यातल्या एकावर मी माझं आयुष्य बांधलं, दुसऱ्यावर चिठ्ठ्या करून हसत बसलो. रागावून लिहीत नाही. थोडा रागावलोय. ‘बसा’च्या जागी एकदा दुसरं काहीतरी म्हणाला असतात, तर तुमचं काय गेलं असतं?

मंगळवारी शाळेत असताना तिचा मेसेज आला. “बाबा, शनिवारी येते. तुमच्याशी बोलायचंय. आईला आत्ताच नका सांगू. काळजी करू नका.” मी तो किती वेळा वाचला सांगत नाही. एकही विशेषण नाही. नोकरी गेली असेल. आजारी असेल. कुणाबरोबर राहत असेल, किंवा राहत होती आणि आता नसेल. घर बदललं आणि सांगायचं राहिलं, एवढंच असेल असंही मी स्वतःला सांगून बघितलं. ते टिकलं नाही. मी उत्तर टाइप करायला घेतलं. “कशाबद्दल?” पुसलं. “कितीच्या गाडीनं?” पुसलं. “नेमकं काय झालंय?” हे तर पाठवण्याच्या बटणापर्यंत गेलं होतं. शेवटी “ये” एवढंच पाठवलं, आणि त्यावर मग दिवसभर विचार करत राहिलो, की तिला ते तुटक वाटलं असेल का.

आज गुरुवार आहे. हे पत्र कुठं धाडायचं नाही, त्यामुळं त्याला ना पत्ता ना पाकीट. माझ्या टेबलाच्या खणात पडून राहील. तुम्हाला लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, लिहिता लिहिता सुचेल काहीतरी. सुचलं नाही. शनिवारी ती समोर बसेल आणि एखादं वाक्य सुरू करेल, अर्धवट, चुकीच्या जागी तुटलेलं, आणि ते पुरं करायला तिला वेळ लागेल. तेवढ्या वेळात मी मध्ये पडेन. गप्प बसायचं ठरवलं तर ती माझ्या तोंडाकडं बघेल आणि ओळखेल की चूक सापडली. सर, तिचं काय बिघडलंय याची भीती आहेच, आणि ती कुठल्याही बापाला असते. पण मला त्याहून जास्त भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ती खरं बोलून थांबेल, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघेल, हे मला माहीत नाही.